तयारी संपत नाही आणि चित्रीकरण सुरू होत नाही

"मॅडम, तीन महिने रोज तयारी करतेय, तरी एकही शॉट घेतलेला नाही. मी आळशी आहे का?" प्रकल्पाची मुदत जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कोल्हापुरात माध्यमशिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीची हकिकत मी तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकांपेक्षा तिच्याकडून अधिक स्पष्टपणे मिळाले.

पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी तिला एका गाण्याचा व्हिडिओ, त्या गायकाचे संकेतस्थळ आणि दोन्हींच्या नियोजनाची फाइल सादर करायची होती. गाणे वर्गातल्याच एका मित्राने लिहून, स्वतः चाल लावून गायलेले होते. मुदतीला नऊ आठवडे उरले असताना ती आईसोबत आली. आईचे म्हणणे असे, की पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर गाणी बघत बसते आणि त्याला अभ्यास म्हणते. मुलीने काही न बोलता पिशवीतून एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. एकशे बारा पाने भरलेली होती. दुसऱ्यांच्या व्हिडिओंतील रंगसंगती, कॅमेऱ्याच्या हालचाली, तीसेक कलाकारांच्या संकेतस्थळांची वर्णने, सारे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. आळशी माणसाच्या हातून अशी वही होत नाही, हे मी आईला त्याच क्षणी सांगितले.

पहिल्या भेटीत मी तिला वेळापत्रक आखून दिले, आणि ती माझी चूक ठरली. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा वहीत चार पानांची भर पडली होती. विषय होता वेळापत्रक कसे पाळावे. तेव्हा मी तिला एवढेच सुचवले, की प्रत्येक पानापुढे आपल्या गाण्याबद्दलचा कोणता निर्णय या पानामुळे झाला ते एका ओळीत लिहावे. सगळी वही चाळून तिला जेमतेम चार पानांपुढे काही लिहिता आले.

मग मी तिला कोऱ्या कागदावर गाण्याच्या पहिल्या दृश्याची चौकट काढायला सांगितली. चित्रकला येत नसली तरी चालेल, माणूस काडीचा आणि तळे एका रेघेचे असले तरी पुरे, असेही म्हटले. तिने चौकोन काढला, खोडला, पुन्हा काढला, पुन्हा खोडला, आणि तिसऱ्या वेळी खोडरबराखाली कागद फाटला. त्या फाटक्या कागदाकडे बघत ती म्हणाली, की दुसऱ्या वर्षी तिची दोन मिनिटांची चित्रफीत वर्गात दाखवली होती आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हसले होते. ही गोष्ट तिने घरी कधीच सांगितलेली नव्हती.

विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणारे आल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून एक भेद आग्रहाने मांडला: 'मला हे चांगले जमावे' ही इच्छा असते आणि 'मला हे जमलेच पाहिजे' हा स्वतःवर लादलेला हट्ट असतो. इच्छा माणसाला कामाला लावते, हट्ट मात्र त्याला कामापासून लांब ठेवतो, कारण काम केलेच नाही तर ते फसतही नाही. या मुलीने संशोधनाची जागा अशीच लपण्यासाठी वापरली होती. तशी जागा सापडणे सोपेही असते, कारण संशोधन दिसायला कष्टाचे असते आणि त्याला कोणी हसत नाही.

तिने मला बाबूराव पेंटरांचा दाखला दिला. १९२० च्या 'सैरंध्री'चे हे दिग्दर्शक चित्रीकरणाआधी पात्रांची, पोशाखांची रेखाटने करत, मग आपणही सगळे आधी ठरवायला नको का, असे तिचे म्हणणे होते. दाखला मोलाचा होता, आणि म्हणूनच मी तिला विचारले, की ती रेखाटने कोणाच्या चित्रपटाची होती? ती बराच वेळ गप्प राहिली. कोंडी खरी फोडली ती तिच्या वडिलांनी. ते शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये पॅटर्नचे, म्हणजे धातू ओतण्याचा साचा ज्यावरून घडवतात त्या नमुन्याचे, काम करतात. तिसऱ्या भेटीला ते आले आणि सगळे ऐकून घेऊन लेकीला म्हणाले, "अगं, पॅटर्न कितीबी चांगला असू दे, ओतल्याबिगर ब्लो होल कळतंय होय? पहिलं कास्टिंग आम्ही गिऱ्हाइकाला देत न्हाई, कापून बघतो." ब्लो होल म्हणजे ओतीव धातूच्या आत राहिलेली हवेची पोकळी. मी त्यात काही भर घातली नाही.

ठरले असे, की गाण्याचे फक्त तीस सेकंद मोबाइलवर चित्रित करायचे, ते कोणालाही दाखवायचे नाहीत आणि नंतर 'कापून बघायचे'. संध्याकाळी ती आणि तिचा गायक मित्र रंकाळा तलावावर गेले. गाणे छोट्या स्पीकरवर लावले आणि मित्राने नुसते ओठ हलवले. घरी आल्यावर दिसले, की ओठ जुळतात पण माणूस गात असल्यासारखा वाटत नाही, कारण मोठ्याने गाताना गळ्याच्या शिरा आणि छाती हलते तशी ती हललीच नव्हती. सूर्य त्याच्या पाठीमागे असल्यामुळे चेहरा काळा पडला होता. तीन मिनिटांच्या गाण्याला, एक शॉट तीन-चार सेकंदांचा धरला, तर पंचेचाळीस ते साठ शॉट लागतात. त्यांच्याकडे एका संध्याकाळी सहा झाले होते. चित्रीकरण सकाळी करायचे, गायकाने खरोखर गायचे, एक दिवस पुरणार नाही, हे तीन निर्णय त्या फसलेल्या अर्ध्या मिनिटाने दिले. एकशे सोळा पानांनी ते दिले नव्हते.

त्यानंतर तिचे संशोधन थांबले नाही, पण त्याला प्रश्न मिळाले. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने वेगवेगळे असतात, हे तिने वाचले होते. आता तिने मित्राची लेखी संमती घेतली आणि ढोलकी वाजवणाऱ्या मुलाचीही घेतली. संकेतस्थळासाठी तिने तीस नमुने बाजूला ठेवून आईच्या हातात मोबाइल दिला आणि "यातून गाणं लावून दाखव" एवढेच सांगून गप्प बसली. आईला गाणे सापडेना, कारण ते नक्षीदार अक्षरांच्या मोठ्या छायाचित्राखाली दडले होते. शिवाय संकेतस्थळ काळे-जांभळे झगमगते आणि व्हिडिओत मात्र पांढऱ्या सदऱ्यातला, सकाळच्या उन्हात गाणारा मुलगा, अशी दोन माणसे दिसत होती. तिने संकेतस्थळाचे रंग व्हिडिओतील पाण्याच्या आणि दगडाच्या रंगांवरून घेतले आणि गाणे सर्वांत वर आणले.

पालकांना माझी विनंती आहे, की अशा मुलांना 'मोबाइल ठेव आणि अभ्यास कर' म्हणू नये. या अभ्यासक्रमात गाणी बघणे हा अभ्यासच असतो. त्याऐवजी 'आज बघितलंस त्यातून काय ठरवलंस?' असे शांतपणे विचारावे, आणि उत्तर आले नाही तर रागावू नये. झोप आणि जेवण सुटले असेल, किंवा मूल जगण्यालाच कंटाळल्यासारखे बोलत असेल, तर मात्र प्रकल्पाची चर्चा बाजूला ठेवून ताबडतोब तज्ज्ञांची भेट घ्यावी.

वर्गात व्हिडिओ दाखवला त्या दिवशी ती संध्याकाळी मला भेटायला आली. या वेळीही एका ठिकाणी कोणीतरी हसले होते. तिने वही उघडून दाखवली. नव्या पानावर एकच ओळ होती: "१ मिनिट १२ सेकंद. हसले. शॉट लांबला आहे, दोन सेकंद कापायचे."