छातीत जळजळ होते म्हणून रोज अँटासिड घेतलं तर चालेल का?

कधीतरी तिखट-तेलकट जेवणानंतर घेतलं तर हरकत नाही. रोज मात्र नको. दोन आठवडे होऊनही गरज लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

ईनोसारख्या पावडरीत खाण्याचा सोडा असतो, म्हणजे भरपूर सोडियम. घरात कुणाला बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती टाळाच. डायजिन, जेलुसिलमध्ये मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. मॅग्नेशियमने जुलाब होऊ शकतात, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ. किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: अँटासिड दुसऱ्या औषधांना शरीरात नीट शोषू देत नाही. लोहाच्या आणि डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांपासून किमान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं; सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अँटासिडच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. आईची थायरॉईडची गोळी आणि अँटासिड एकाच घोटाबरोबर जात असेल तर आजच थांबवा.

आणि कळकळीने सांगतो, छातीत दाब, घाम, हात किंवा जबडा दुखणं असेल तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, यातही थांबू नका.