दिवा शांत झाला, देवी कोपेल का?

प्रश्न : आमची कुलदेवी तुळजाभवानी. सासूबाई गेल्यावर यंदा पहिल्यांदाच घट मी बसवले. पाचव्या माळेला तान्ह्या नातवाला उकडतंय म्हणून सुनेने पंखा लावला आणि अखंड दिवा शांत झाला. एका ज्योतिषांनी ११ हजारांची शांत सांगितली आहे. गुडघ्यांमुळे तुळजापूरलाही जाणं होत नाही. देवीचा कोप होईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : शांत मुळीच करू नका. ते पैसे नातवाच्या चांदीच्या वाळ्यांना ठेवा.

माझाही दिवा एकदा गेला होता, सदाशिव पेठेतल्या वाड्यात. काजळी काढताना वात जरा जास्त ओढली गेली आणि संपलंच. मागे सासूबाई उभ्या! त्यांनी वात सारखी केली, तेल घातलं, हात जोडून दिवा लावला आणि मग म्हणाल्या, "आधी त्या ज्योतीवर निरांजन लावून घ्यावं, मग वातीला हात लावावा." तेव्हापासून मी तेच करते. दिव्याला काचही ठेवा, तुळशीबागेत मिळते. पंखा मात्र चालू राहू द्या. आईसमोर लेकरू घामाघूम झालेलं तिला तरी कसं बघवेल?

'अखंड'ची एवढी धास्ती कशाला? तुळजापुरात भवानी स्वतः झोपते. घटस्थापनेआधी मंचकी निद्रा, सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत पुन्हा. मूर्ती गाभाऱ्यातून हलवून चक्क पलंगावर निजवतात.

राहिले गुडघे. चतुःशृंगीची आख्यायिका ऐकली असेल. दुर्लभशेठ पीतांबरदास हे व्यापारी वणीच्या सप्तशृंगीचे भक्त. म्हातारपणी वारी होईना, तेव्हा देवी स्वप्नात येऊन म्हणाली, तू येऊ शकत नाहीस तर मीच येते. तीच ही पुण्यातली चतुःशृंगी. पण तिथे पायऱ्या शंभरावर आहेत, तो नाद सोडा. तुम्ही बुधवार पेठेत तांबड्या जोगेश्वरीला जा. कुळाची राखणदार तुळजापुरात, तशी ही पुण्याची ग्रामदेवता. एखाद्या मंगळवारी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घेऊन ओटी भरा. रिक्षा अप्पा बळवंत चौकापर्यंत न्या, पुढे चार पावलं. तुळजापूरचा खण-नारळ मुलगा जाईल तेव्हा त्याच्याबरोबर द्या.

आणि जोगेश्वरीला सुनेलाही बरोबर न्या. ओटी तिच्याच हातून भरवा. पंखा लावल्यापासून ती बिचारी तुमच्याहून जास्त घाबरली असेल.