कोल्हापुरात ६ × ४ फूट जागेत भारतीय गाड्यांचा मॉडेल रेल्वे लेआउट करायचाय. सुरुवात कुठून करू आणि इंजिनं-डबे कसे जमवू?

तुम्ही लिहिलंय की खोलीच्या कोपऱ्यात ६ × ४ फूट जागा आहे, दोन बाजूंना भिंत आहे, आणि एक्सप्रेस गाडी गोल फिरती ठेवायची आहे. माझा सल्ला असा, की गोल सध्या सोडा. भिंतीलगत ६ फूट लांब आणि १ फूट रुंद फळी करा. त्यावर तीन लाइनींचं छोटं शंटिंग यार्ड (वाघिणी मागेपुढे करून गाडी लावायची जागा), एक डिझेल इंजिन आणि आठ वाघिणी, एवढंच.

कारण गणितात आहे. एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं मॉडेल. आयसीएफ (जुन्या पद्धतीच्या) डब्याची लांबी २१.३ मीटर, म्हणजे मॉडेल २४५ मिमी. नव्या पद्धतीचा एलएचबी २३.५४ मीटर, म्हणजे २७० मिमी. डबे न अडखळता वळायचे तर गोलाईची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान अडीचपट हवी, आणि बघायला बरी वाटायची तर तिप्पट. आयसीएफसाठी हे अनुक्रमे ६१० आणि ७३५ मिमी होतात. चार फुटांच्या फळीवर कडेला थोडी जागा सोडली की त्रिज्या जेमतेम ५५० मिमी मिळते. तयार तुकड्यांच्या ट्रॅकमध्ये त्याखालचं मिळणारं माप ५०५ मिमी. त्यावर लांब डबे फिरतील, पण कोपरे रुळाबाहेर लोंबतील, आणि कपलिंग (डबे जोडणारा आकडा) बोगीऐवजी, म्हणजे चाकांच्या फिरत्या चौकटीऐवजी, डब्याच्या बॉडीला असेल तर डबा आतल्या बाजूला ओढला जाऊन घसरेल. घसरतो तोही नेमका भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथं हात पोचत नाही. आरामात हात ७० ते ७५ सेमीपर्यंत जातो, तुमची फळी १२० सेमी रुंद.

वरून पूल न्यायचा विचार असेल तर तोही सोडा. खालून गाडी जायला ७५ मिमी उंची लागते. २ टक्के चढाने तेवढं चढायला पावणेचार मीटर, उतरायला तेवढेच. तुमचा अख्खा गोल साडेचार मीटरचा.

आता स्केल. एन स्केल (१:१६०, रूळ ९ मिमी) जागेला उत्तम, पण भारतीय रंगसंगतीतला माल त्यात फारच कमी. जो काही भारतीय माल मिळतो तो एचओमध्येच, शिवाय परदेशी मॉडेल घेऊन भारतीय रंगात रंगवणारे लोकही याच स्केलमध्ये काम करतात. म्हणून एचओ. एक गोष्ट आधीच पचवून टाका: आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७ मध्ये तो १९.३ मिमी व्हायला हवा, पण एचओचा रूळ १६.५ मिमी आहे. त्यामुळे भारतीय गाडी रुळावर किंचित रुंद दिसते. स्वतः रूळ घालायची तयारी नसेल तर याला इलाज नाही, आणि पहिल्या लेआउटला त्या भानगडीत पडूही नये.

यार्डाचा आराखडा ब्रिटनच्या अॅलन राइट यांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या शंटिंगच्या कोड्याचा घ्या. एक लाइन पाच वाघिणींची, दोन लाइनी तीन-तीनच्या, आणि पुढची ओढलाइन (वाघिणी बाहेर ओढून घ्यायची लाइन) इंजिन अधिक तीन वाघिणी मावतील एवढीच. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. ६७२० वेगवेगळे क्रम निघतात, त्यामुळे गोल फिरणाऱ्या गाडीसारखा आठवड्यात कंटाळा येत नाही.

मापं भारतीय मालाला लावून बघू. बॉक्सएन (वरून उघडी) वाघीण कपलिंगसकट १०.७ मीटर, म्हणजे १२३ मिमी. डब्ल्यूडीएम-३ए डिझेल इंजिन १७.१ मीटर, म्हणजे १९७ मिमी. ओढलाइन ५७० मिमी, पहिला सांधा (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणारा पॉइंट) १८५, सांध्यानंतर दुसऱ्या लाइनीवरच्या वाघिणीला धक्का लागू नये म्हणून सोडायची जागा १००, पाच वाघिणी ६१५. बेरीज १४७० मिमी. सहा फूट म्हणजे १८२९. उरलेल्या जागेत बफर स्टॉप आणि मालधक्का बसतो. कपलिंगच्या सैलपणासाठी प्रत्येक लाइनीला २० ते ३० मिमी जास्त ठेवा, पण ओढलाइनीत चौथी वाघीण मावेल इतकं नको, मग कोडंच संपतं.

एक्सप्रेसचं काय? कोल्हापूर स्टेशन हे लाइनीचं शेवटचं टोक आहे. मिरजेहून आलेली गाडी इथं थांबते, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला जातं. म्हणजे आपल्या गावाचं खरं स्टेशन करायचं तर गोल लागतच नाही. पुढं दुसऱ्या भिंतीलगत तसाच फलाट करा: चार डबे आणि इंजिन धरून जवळपास १.२ मीटर, शिवाय इंजिन सुटून बाजूच्या लाइनीवर जायला दोन सांधे आणि त्यांच्यापुढे इंजिनापुरती जागा. ती सगळी मिळून चार फुटांत मावत नाही, तेव्हा पहिल्या फळीला जोडूनच आखावी लागेल.

फळीसाठी टिंबर मार्केटमध्ये १२ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय मागा, आयएस ७१० शिक्का बघून. एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्लाय स्वस्त पडतो, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो फुगतो. पूर्ण ८ × ४ चा शीट घेऊ नका, तुकड्यांत काम होतं. ३ × १ फुटाचे दोन भाग करा, खाली ७० मिमी उंच पट्ट्यांची चौकट आणि दर ३० सेमीला आडवी पट्टी. रंग दोन्ही बाजूंना आणि कडांना द्या. फक्त वरून रंगवलेली फळी एका बाजूनं ओलावा पिऊन वाकते. दोन भाग जोडायला ८ मिमी बोल्ट, आणि जागा दर वेळी तीच यावी म्हणून दोन पितळी डॉवेल (खुंट्या). उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे ती करून मिळतात. आडवी पट्टी सांध्याखाली येऊ देऊ नका, तिथं मोटर बसवायची असते. पत्र्याच्या खोलीत लेआउट ठेवणार असाल तर आत्ताच जागा बदला.

रूळ निकेल सिल्व्हरचेच. जुन्या सेटमधले स्टीलचे रूळ जुलैत गंजतात आणि करंट जात नाही. उंची कोड १००, म्हणजे २.५४ मिमी. कोड ७५ जास्त खरा दिसतो, पण जुन्या इटालियन-ब्रिटिश मालाच्या चाकांच्या खोल कडा (फ्लँज) त्यावर स्लीपरच्या खिळ्यांना ठेचतात. फ्लेक्स (वाकवता येणाऱ्या) ट्रॅकची कांडी ९१४ मिमी येते. खाली ३ मिमी कॉर्क किंवा ईव्हीए फोम. खिळा ठोकताना डोकं स्लीपरला टेकलं की थांबा. आणखी दाबला तर स्लीपर मध्ये वाकतो, रुळांमधलं अंतर कमी होतं आणि गाडी तिथं उगाच उडते. प्रत्येक सांधणीत अर्धा मिमी फट ठेवा. रूळ उन्हानं वाढतो त्यापेक्षा लाकूड पावसानंतर आकसतं, ते जास्त त्रास देतं.

रूळ कापायला पक्कड नको, टोक चेंगरतं. गुजरीतल्या सोनारांना अवजारं पुरवणाऱ्या दुकानात बारीक करवत आणि सुई-कानशींचा संच मिळतो, याच कामाचा. डाग द्यायला मात्र सोनाराची टाकणखाराची पद्धत वापरू नका, आणि भांड्याला लावतात ते ॲसिडही नको, तारा सडतात. रोझिनवालं ६०/४० सोल्डर ०.८ मिमी, आणि रुळासाठी ४० ते ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न. २५ वॉटची रुळावर थंड पडते, मग तुम्ही जास्त वेळ धरता आणि स्लीपर वितळतात.

दोन फळ्यांच्या जोडावर दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवून त्यांना रूळ डागा आणि मगच करवतीनं कापा. उलट केलंत तर दर वेळी रूळ जुळवत बसाल.

एका इंजिनाला साधा डीसीच पुरतो, डिजिटल कंट्रोलचा खर्च आत्ता नको. १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॅप्टर, पीडब्ल्यूएम (करंट तुकड्यातुकड्यांत देणारा) स्पीड कंट्रोलर, दिशा उलटायला मधल्या जागी बंद राहणारा डीपीडीटी (दोन्ही तारा एकदम बदलणारा) स्विच, आणि १ अँपिअरचा रिसेट होणारा फ्यूज. चांगलं इंजिन अर्ध्या अँपिअरच्या आत चालतं. फळीखाली १.५ चौरस मिमीच्या दोन मुख्य तारा, आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतंत्र बारीक तार वर. रूळ-जोडणीच्या पत्र्याच्या चिमट्यांवर करंटसाठी विसंबू नका. ते सहा महिन्यांत सैल होतात आणि इंजिन एका ठरावीक जागी मंदावतं.

सांध्यात फ्रॉग (जिथं दोन आतले रूळ एकमेकांना मिळतात तो भाग) धातूचा असेल तर त्यापुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जोड घाला, आणि फ्रॉगची पोलॅरिटी सांध्यासोबत बदलणारा मायक्रोस्विच लावा. हे विसरलं की सांधा फिरवताच शॉर्ट. सांधा हलवायला एसजी९० सर्व्हो (छोटी मोटर) आणि ती चालवायला आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोल बोर्ड) स्वस्तात होतं, पण सर्व्होला ५ व्होल्ट वेगळे द्या. नॅनोच्याच पिनवरून दिलेत तर सर्व्हो थरथरतो. पुरवठ्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका.

खडीत एक फसगत आहे. खऱ्या लाइनीवरची खडी साधारण ५० मिमी, म्हणजे आपल्याला ०.६ मिमी हवी. क्रशरची काळी कच चाळणीनं चाळून घ्यावी असं लगेच मनात येतं, रंगही हुबेहूब. पण आपला काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतो. सैल कण इंजिनाच्या मोटरचा चुंबक ओढून घेतो आणि गिअर खातो. एक चुंबक कचीवर फिरवा, लगेच दिसेल. त्याऐवजी पाण्याच्या फिल्टरची क्वार्ट्झ वाळू राखाडी रंगवून वापरा. कोरडी पसरवून ब्रशनं बसवा, पाण्यात डिशवॉशचा थेंब टाकून स्प्रे करा, मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरनं सोडा. आधी भिजवलं नाही तर फेविकॉलचा थेंब वाळूचा गोळा करून बसतो. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ फेविकॉल नको, तिथली वाळू नुसती रंगवून दाखवा. उसाचा फड करायचा तर सुतळीचे ३४ मिमीचे तुकडे, म्हणजे तीन मीटरचा ऊस. लाकडाचा भुसा टाळा, बुरशी धरतो.

गाडी रुळावर टाकण्याआधी प्रत्येक वाघिणीची चाकं व्हर्नियरनं मोजा. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिमी हवं. कमी असेल तर सांध्यात चढते. वजन: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर २५ मिमीला १४ ग्रॅम. बॉक्सएनला सुमारे ९७ ग्रॅम. हलकी असेल तर तळाशी नट चिकटवा. शंटिंगमध्ये मागं ढकलताना घसरणाऱ्या दहापैकी आठ वाघिणी फक्त हलक्या असतात, रूळ बरोबर असतो. चाकं धातूची बसवा, प्लास्टिकची चाकं रुळावर काळा थर सोडतात. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सुती फडक्यानं पुसा. सँडपेपर लावलात तर ओरखड्यांत घाण कायमची बसते. आणि गिअरला खोबरेल तेल कधीही नको, थंडीत ते गोठतं. प्लास्टिकला चालणारं हलकं तेल, सुईच्या टोकावर येईल एवढं.

जमवण्याबद्दल. एक कपलिंग ठरवा आणि सगळ्या मालाला तेच लावा. शंटिंगला केडी कंपनीचं नंबर ५ किंवा त्याच जातीचं नकल (मुठीच्या आकाराचं) कपलिंग, कारण टोकदार बांबूची काडी मध्ये फिरवली की सुटतं. मार्कलिनचा जुना एचओ माल स्वस्त मिळाला तरी नको. तो तीन-रूळ एसीचा, त्याची चाकं आपल्या ट्रॅकवर शॉर्ट करतात. परदेशातून मागवताना ड्युटी पोस्टेजसकटच्या किमतीवर लागते हे धरा. वापरलेलं इंजिन घेताना रुळावर सावकाश चालल्याचा व्हिडिओ मागा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठक-ठक येत असेल तर ॲक्सलचा गिअर चिरलाय. धातूच्या चॅसिसला फुगवटा किंवा बारीक चिरा दिसल्या तर झिंकची कीड आहे, ती दुरुस्त होत नाही. नवं इंजिन दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगात मोकळं फिरवून घ्या आणि मगच वाघिणी लावा. त्यासाठी गोल नसेल तर कुणाच्या तरी लेआउटवर न्या किंवा रोलरवर चालवा.

डबे मूळ खोक्यात ठेवा, पण जुन्या फोमचा स्पर्श रंगाला नको, तो विरघळून चिकटतो. मध्ये पातळ टिश्यू कागद घाला. जून ते सप्टेंबर सिलिका जेल, आणि दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत.

खरेदीआधी पुण्याला जाणं झालं तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा, १९९८ पासून सुरू आहे. तिथं गाड्यांपेक्षा रुळांची जोडणी, गोलाईची मापं आणि सिग्नलचं वायरिंग जास्त वेळ बघा. पैसे हातात आल्यावर क्रम असा ठेवा: प्लाय आणि रूळ, मग वायरिंग, मग एक इंजिन आणि दोन वाघिणी. उरलेल्या सहा वाघिणी मात्र आधीच्या दोन वाघिणी सगळ्या सांध्यांवरून ढकलून-ओढून न घसरता गेल्यावरच घ्या.