लेखकाच्या संसारावर आणि वियोगावर लिहिलेलं कुठलं पुस्तक तुमच्या मनातून जात नाही?

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे', दुसरं नाव सुचतच नाही. शाळेत एखादा धडा असतो तेवढाच सगळ्यांना आठवतो, त्यात हसायला येतं म्हणून विनोदी पुस्तक असेल असं समजून मीही बरीच वर्षं हात लावला नव्हता.

आमचं घर फोंड्याजवळ. बोलणं कोंकणी आणि वाचणं मराठी, बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं पण गोव्यात कित्येक घरांत असंच आहे. बाबा गेले त्या पावसाळ्यात आईला रात्री झोप यायची नाही, डोळ्यांमुळे वाचताही येईना, मग पणजीला पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीतून मी हे आणलं आणि रोज जेवणं झाल्यावर सोप्यावर बसून वाचून दाखवायला लागलो. आई बिकणां सोलत बसायची (फणसाच्या आठळ्या हो). मध्येच थांबलो की म्हणायची, तूं वाच, हांव आयकतां.

गोष्ट थोडक्यात सांगतो. लक्ष्मीबाई म्हणजे माहेरची मनू गोखले, वयाच्या 11व्या वर्षी लग्न, नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. हुशार, तापट, घरातले पैसे कुणालाही देऊन मोकळा होणारा. 1893 मध्ये रेल्वेत एक गोरा प्रवासी त्यांना बायबलचा 'नवा करार' देतो आणि म्हणतो दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, आणि खरंच फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. बायकोला बरोबर न घेता. ती लहान मुलाला घेऊन बहिणीकडे पंढरपूरला. पुढची चार-पाच वर्षं नवरा जिवंत, पत्रं येतायत, पण घर नाही.

इथे आईने सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता रडणार. तर विचारते, एवढी वर्षं हिला जेवायला वाढलं कुणी, आणि वाढताना तोंड कसं केलं? मी कॉलेजात मराठी शिकलोय, हा प्रश्न मला सुचला नसता.

आणि हे गोव्यात बसून वाचताना वेगळं लागतं. आमचा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, सगळं पोर्तुगिजांच्या धाकाने. देव नदीपलीकडे नेले आणि अर्धे नातेवाईक तिकडेच राहिले ते ख्रिस्ती झाले, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. टिळकांवर तसली जबरदस्ती कुणी केली नव्हती, ते मनाने गेले, म्हणून दोन्हींची तुलना मी करणार नाही. पण मागे राहिलेल्या बाईचं काय झालं हे आमच्या देवळांच्या गोष्टींत कुणी सांगत नाही, इथे ती बाई स्वतः सांगते, आणि टोमणे मारत सांगते.

पुढे ती नगरला त्यांच्याकडे जाते पण सोवळं सुटत नाही, स्वयंपाक-पाणी वेगळं. ते गळून पडायला वेळ लागतो आणि ती पानं मला मरणाच्या पानांपेक्षा जड गेली. 1900 मध्ये तीही ख्रिस्ती होते. आता सगळं सुरळीत म्हणून आई सुस्कारा टाकते तोवर 1917 मध्ये टिळक संन्यास घेऊन साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढतात. आई म्हणाली, परत गेलो? (म्हणजे परत गेला?) आणि एवढी हसली की शेजारची काकू काय झालं म्हणून बघायला आली. बाबा गेल्यावर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

1919 मध्ये टिळक गेले. 'ख्रिस्तायन' त्यांनी सुरू केलेलं महाकाव्य, दहा-अकरा अध्यायांवर अडलेलं, ते या धड शाळेत न गेलेल्या बाईने आणखी 64 अध्याय लिहून पुढे नेलं. खरं सांगायचं तर ते काव्य मी अर्ध्यात सोडलं, माझ्याने झालं नाही. पण आईला हे सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. बाबांची नारळांच्या हिशेबाची एक वही होती, ती बाबा गेल्यापासून तशीच फळीवर पडलेली. पुढच्या पाडणीला पाडेली (नारळ काढणारा) आला तेव्हा बघितलं तर आई वही घेऊन माडांखाली उभी, चष्मा लावून, बाबांच्या शेवटच्या ओळीखाली आकडे मांडत होती. बेरीज चुकलेली होती, मी काही बोललो नाही.

तुम्ही घेणार असाल तर संक्षिप्त आवृत्ती नको, पूर्ण घ्या, जाड आहे पण लहान मुलालाही कळेल अशी भाषा आहे. आणि घरात कुणी ऐकणारं असेल तर मोठ्याने वाचा.