भिंत शेजाऱ्याची, काम माझं

फेब्रुवारी लागला की घराच्या कामाने बेजार झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊ लागतात. गोव्यात बांधकामाचे महिने मोजकेच. जूनच्या पावसाआधी छप्पर पुरं झालं पाहिजे, चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, रंग वाळला पाहिजे. त्या घाईत शेजाऱ्याच्या भिंतीला तडा जातो, कौलं फुटतात, विहिरीत सिमेंटचं पाणी उतरतं. मग समोर बसलेलं माणूस थोड्याफार फरकाने एकच गोष्ट बोलतं, "केलं कंत्राटदाराने, मग मी का भोगू? आणि आपणहून कबूल केलं तर सगळंच माझ्या गळ्यात येईल."

हे इतक्यांदा ऐकलं आहे, की एका ताईंचा अनुभव लिहावासा वाटला. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

फोंडा तालुक्यातलं गाव. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं लांबलचक जुनं घर, वाटण्या झाल्यावर मधोमध विभागलेलं. मधली भिंत समाईक. अलीकडे ताई, पलीकडे भावकीतल्या काकी आणि त्यांचा मुलगा. ताईंचे यजमान बोटीवर नोकरीला, वर्षाचे बरेच महिने बाहेर. त्यामुळे मागच्या दोन खोल्यांची कौलं उतरवून स्लॅब घालण्याचं काम ताईंनी एकटीने अंगावर घेतलेलं. तुळई टेकवण्यासाठी मेस्त्रीने समाईक भिंतीत ब्रेकर मशीनने खाच पाडली आणि पलीकडे काकींच्या गणपतीच्या खोलीतला गिलावा कोसळला. जिथे दर वर्षी गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात, त्याच्या मागच्या भिंतीवर वरपासून खिडकीपर्यंत तिरकी भेग.

ताई माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. भेगेचा विषय बऱ्याच वेळाने निघाला, आणि निघाला तोच वकिली थाटात.

"ती भेग जुनीच होती. घर ऐंशी वर्षांचं आहे."

"काम सुरू होण्याआधी तुम्ही ती पाहिली होती?"

"नाही. मेस्त्री म्हणाला."

"काकींना भेटलात?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मी आता पुढच्या अंगणातून जातच नाही. परसातून बाहेर पडते."

ज्या बाईला खरोखर वाटतं की आपला काही संबंध नाही, ती रोजची वाट बदलत नाही. मी त्यांना तसं म्हटलं नाही. आरोपाला उत्तर द्यायची तयारी त्या घरूनच करून आल्या होत्या, आणखी एक आरोप ऐकवून काय साधलं असतं? पुढच्या काही भेटी आम्ही भेगेवर बोललोच नाही. घराचं काम कसं ठरलं, पैसे कसे साठले, यजमानांशी फोनवर काय बोलणं होतं, यावर बोललो. एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "यजमानांना हे सांगितलंत?"

"नाही."

"सांगितलं तर ते काय म्हणतील?"

"ते काही म्हणणार नाहीत. ते चांगले आहेत." मग डोळे भरून आले. "पण माझ्या सासरचे सगळे म्हणत होते, एकटीला झेपणार नाही, तो आल्यावर करा. मी हट्टाने केलं. आता त्या भिंतीकडे बघून सगळे म्हणतील, बघा."

त्या दिवशी मला उलगडा झाला. काकींच्या घरातली भेग ताईंच्या लेखी भिंतीपुरती राहिलीच नव्हती. आपण एकटीने काही निभावू शकत नाही, याचा तो गावभर दिसणारा पुरावा झाला होता. म्हणून भेग जुनी असणं त्यांना इतकं गरजेचं होतं. शेजाऱ्याच्या नुकसानीबद्दल हटून बसलेली माणसं बहुतेकदा पैशासाठी हटत नाहीत, ती स्वतःची किंमत राखत असतात, असं मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मी ज्या विचारधारेत घडले तिचे प्रणेते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. १९५५च्या सुमारास त्यांनी जी मानसोपचारपद्धती मांडली, तिचा एक आग्रह मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो : कृतीचं मोजमाप जरूर करा, पण एका कृतीवरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. मी ताईंना विचारलं, "स्लॅब नीट पडला?" पडला. "मजुरांचे पैसे वेळेवर गेले?" गेले. "पंचायतीची परवानगी?" ती त्यांनी स्वतः खेटे घालून आणली होती. "मग या सगळ्यात एक खाच चुकीच्या तऱ्हेने पाडली गेली. हे वाक्य आणि 'मला झेपलं नाही' हे वाक्य, दोन्ही एकच आहेत का?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा शांततेत घाई न करणं ही माझ्या कामातली सगळ्यात कठीण गोष्ट आहे, आणि ती मी सवयीने कमावली आहे. अखेर त्या म्हणाल्या, "पण मी कबूल केलं आणि त्यांनी सगळं घरच रंगवून मागितलं तर?"

"तर काय कराल?"

"नाही म्हणेन." आणि स्वतःच चमकून माझ्याकडे पाहिलं. "म्हणता येईल ना?"

"का नाही येणार?"

माझ्या कामामुळे तुमची भिंत फुटली असं म्हणणारी बाई, तेवढीच भिंत दुरुस्त करून देईन, बाकीची नाही, असंही म्हणू शकते. कबुली म्हणजे कोऱ्या कागदावरची सही, असं मनात घेऊन त्या इतके दिवस परसातून ये-जा करत होत्या. त्या दिवशी जाताना त्यांनी यजमानांना काय सांगायचं ते माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

काकींकडे गेल्या तेव्हा बोलणं छोटं झालं. "काकी, माझ्या कामात तुमची गणपतीची खोली फुटली. मी आधी यायला हवं होतं. इंजिनिअर आणते, तो सांगेल तेवढं मी करून देते." काकींचा राग भेगेपेक्षा न सांगण्यावर जास्त होता. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चहाला बोलावलं. मुलगा मात्र अडून बसला, त्याला शेजारची खोलीही रंगवून हवी होती. ताई नाही म्हणाल्या, आवाज न चढवता, आणि तो हळूहळू नमला.

इंजिनिअरने भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली आणि शेजारी तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर काच तडकते. काच शाबूत राहिली तेव्हा भेग वाढत नाही हे दोन्ही घरांनी एकत्र पाहिलं. चिरा पाणी पितो, म्हणून पक्का गिलावा पावसानंतर भिंत सुकल्यावर करायचं ठरलं, चवथीपुरती तात्पुरती डागडुजी झाली.

आता ज्यांना हीच काळजी आहे त्यांच्यासाठी. "कंत्राटदाराने केलं" हे उत्तर शेजाऱ्याला देऊ नका. आपल्याकडचा नुकसानभरपाईचा कायदा बराचसा इंग्रजी निकालांवर उभा आहे, आणि १८७६च्या 'बॉवर विरुद्ध पीट' या निकालात नेमकं हेच आलं होतं : घर पाडून नवं बांधताना कंत्राटदाराच्या खोदाईने शेजारचं घर खचलं, जोखीम कंत्राटदाराने घेतल्याचं करारात होतं, तरी मालक सुटला नाही. शेजारच्या घराचा आधार धोक्यात येईल असं काम असेल, तर काळजी घेण्याचं कर्तव्य मालकाचं. तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते वकिलाला विचारा, पण मनाची तयारी अशी ठेवा, की शेजाऱ्याला उत्तर मी देणार आणि कंत्राटदाराकडून माझं मी वसूल करणार. म्हणूनच काम देतानाच लेखी ठरवा, की शेवटचा हप्ता शेजारची भिंत पाहिल्यावरच मिळेल.

काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांच्या घरात जाऊन, त्यांच्यासमोर, समाईक भिंतीचे तारखेसह फोटो काढा. ते अपमानास्पद वाटेल असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. आपलं घर कुणीतरी जपून पाहतंय, याने माणसं मोकळी होतात. मशीन लागणार असेल तो दिवस आणि वेळ सांगा. घरात आजारी माणूस, तान्हं मूल, पूजा असेल तर दिवस बदला.

नुकसान झालंच, तर त्याच दिवशी जा. पैशाचा आकडा पहिल्या भेटीत बोलू नका, दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसाकडून पाहणी करून घ्या आणि जे ठरेल ते दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या करा. बोलणी तुटली तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे १९८७च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि खटला दाखल होण्याआधीही वाद लोकअदालतीसमोर नेता येतो.

आणि ज्यांच्या घरात भेग पडली आहे त्यांनीही दारातल्या दारात टोमणे मारत महिना काढू नये. शेजाऱ्याला आत बोलवा, भिंत दाखवा, काय हवं आहे ते स्पष्ट सांगा. समोरचा टाळत असेल तर त्याला घाबरवू नका. नेमकी एक मागणी आणि एक तारीख द्या, म्हणजे त्याला हो किंवा नाही म्हणणं सोपं जाईल.