बंद वॉर्डातल्या बहिणीला दहावी करायची आहे

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. धाकटी बहीण बाळंतपणानंतर मनानं आजारी पडली, त्यातच तिच्या हातून गुन्हा घडला, आता कोर्टाच्या ऑर्डरनं जेलमधून सरकारी मानसिक रुग्णालयाच्या बंद वॉर्डात आहे. नववीत लग्न लावलं म्हणून शाळा सुटलेली. परवा भेटीला गेलो तर म्हणाली, दादा मला दहावी करायची आहे. तिथले लोक म्हणतात आधी बरी होऊ दे, आणि बायकांसाठी शिवणकाम आहे की. काय करू? - एक भाऊ

उत्तर: दादा, ती स्वतःहून म्हणाली ना, मग थांबू नका. "आधी बरी होऊ दे" हे मला अजिबात पटत नाही, कारण अशा केसमध्ये वर्षं जातात, तारखा पडत राहतात आणि बाई नुसती भिंतीकडे बघत बसते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २० बघा, रुग्णालयात ठेवलेल्या माणसाला शिक्षणाची वाजवी सोय मिळाली पाहिजे असं त्यात लिहिलंय, आणि कोर्टानं पाठवलेल्या बाईला ते लागू नाही असं कुठंच म्हटलेलं नाही. सुपरिटेंडेंटना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. वकील फुकट मिळतो, बाई आणि कस्टडीत म्हटल्यावर उत्पन्न विचारत नाहीत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर १५१०० ला फोन लावा.

दहावीसाठी एनआयओएस बघा, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय. मराठी माध्यम आहे, शाळेचा दाखला नसला तरी स्वतःच्या सहीचं पत्र चालतं, आणि एकदा नाव घातलं की ५ वर्षं मिळतात, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. तिच्यासाठी हे फार मोठं आहे कारण मध्येच तब्येत बिघडली तर आधी पास झालेले विषय वाया जात नाहीत. परीक्षेला बाहेर न्यायचं तर कोर्टाची परवानगी लागेल, ते वकिलाला आत्ताच सांगून ठेवा.

आता तिच्या अभ्यासाचं. गोळ्यांनी झोप येते, लक्ष टिकत नाही, हात थरथरला की अक्षर बिघडतं, आणि थरथर कमी व्हावी म्हणून जी गोळी देतात तिनं जवळचं अंधुक दिसतं. बाई म्हणते मला वाचता येईना, आणि बघणाऱ्याला वाटतं डोकंच चालत नाही! डॉक्टरांना हे सगळं सांगा, गोळ्यांची वेळ बदलता येते का विचारा, पण स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटंच, मोठ्या अक्षरातलं, कालचं आज परत वाचायचं. आणि मूल, बाळंतपण असले धडे पुस्तकात आले की आधी शिकवणाऱ्याला कल्पना द्या, तिला तिथं त्रास होऊ शकतो.

शिवणकाम वाईट नाही, तिला आवडलं तर करू दे, पण शिक्षण म्हणून बायकांपुढं नुसती मशीनच का ठेवायची? बंद वॉर्डात बायका थोड्या असतात म्हणून वर्ग पुरुषांच्या सोयीनं ठरतात, हा अन्याय आहे.

अजून एक, आणि आपल्या सीमाभागात यावरून लगेच वाद होतो तरी सांगते, तिला कन्नड वाचायला शिकवा. दहावी मराठीतच करू दे, पण केसचे कागद कन्नडमध्ये, वॉर्डातल्या सूचना कन्नडमध्ये, स्वतःच्या फाईलवर काय लिहिलंय ते तिला दुसऱ्याला विचारावं लागू नये.

प्रश्न: मी निपाणीची निवृत्त शिक्षिका, अशा बायकांना शिकवायला जाईन म्हणते. घेतील का? - एक वाचक

उत्तर: बाई, जरूर विचारा. रुग्णालयाच्या सोशल वर्करना भेटा, आत काय न्यायचं नाही ते आधी समजून घ्या (पेन्सिल, स्टेपल केलेली वहीसुद्धा अडते), आणि कुणालाही तिचा गुन्हा विचारू नका. दर आठवड्याला ठरल्या दिवशी जमणार असेल तरच हो म्हणा, नाहीतर त्या वाट बघत बसतात.