पाचवीला हायस्कूलला टाकायचं की गावातच ठेवायचं?

मार्च संपत आला की पालकांचा हा प्रश्न येतोच. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी एका टप्प्यात धरतो आणि सहावी ते आठवी दुसऱ्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मधला टप्पा सहावीपासूनच सुरू होतो. पण आपल्याकडची बहुतेक हायस्कुलं पूर्वापार पाचवीपासून भरतात. त्यामुळे जिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग आहे तिथं निवड आई-बाबांच्या गळ्यात पडते.

सातारा जिल्ह्यातलं एक जोडपं मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलगी दहा वर्षांची, हायस्कूल एसटीच्या रस्त्यावर, पण गावापासून लांब. वडिलांचं जवळजवळ ठरलेलं होतं. "मॅडम, तिची जवळची मैत्रीण निघाली हायस्कूलला. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास फुकट आहे. इथं वर्ष घालवलं तर मागं पडेल ती."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही अजून बाईंना 'लघवीला जाऊ का' असं विचारत नाही. घरी येईपर्यंत धरून ठेवते. तिथं कसं व्हायचं हिचं?"

सगळ्या बोलण्यात हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. गावच्या शाळेत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. पोरीचा चेहरा उतरला तरी त्यांना कळतं. हायस्कूलमध्ये तासाची घंटा होते, शिक्षक बदलतात, तुकडी मोठी असते. तिथं मुलीला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं. शिवाय याच एक-दोन वर्षांत काही मुलींची पाळी सुरू होते. दिवसभर लघवी रोखणं तब्येतीला वाईटच, आणि पाळीच्या दिवसांत न बोलणारी मुलगी किती अडचणीत येते ते मी पाहिलंय.

मुलीशी एकटीशी बोलले. वाचन स्वच्छ, गणितही बरं. "एसटी चुकली तर काय करशील?" यावर ती दाराकडे बघत राहिली.

वडिलांना मी सांगितलं, "दादा, मागं पडायची भीती मनातून काढा. दोन्हीकडं राज्य मंडळाचीच मराठी माध्यमाची शाळा, पाचवीला बालभारतीची पुस्तकंही तीच. अभ्यासात ती आजही तयार आहे. बाकीचं एप्रिल-मेमध्ये बघू." मग सुट्टीभर काय करायचं ते ठरवलं: एसटीत तिकीट तिनं मागायचं, किराणा तिनं आणायचा, आणि हायस्कूल उघडं असताना एकदा जाऊन स्वच्छतागृह कुठं आहे, पाणी कुठं मिळतं ते तिनं स्वतः कुणाला तरी विचारायचं. जूनपर्यंत एवढं जमलं तर हायस्कूल, नाहीतर पाचवी गावातच.

दुकानात ती जाऊ लागली. कंडक्टरसमोर मात्र तोंड उघडेना, आणि हायस्कूलच्या फाटकातून आईचा पदर सोडून आत जाईना. मी स्पष्ट सांगितलं, एक वर्ष थांबा. वडील नाराज झाले, पण थांबले.

मैत्रीण गेली तेव्हा मुलगी फार रडली. पहिला महिना जडच गेला, आणि हा निर्णय घेणाऱ्यानं त्याची तयारी ठेवावी. दोघींच्या आयांनी रविवारची भेट मात्र कधी चुकू दिली नाही. मग एक गोष्ट घडली, जी छोट्या शाळेतच घडू शकते. पाचवीतली मुलं आता शाळेत सगळ्यांत मोठी होती. परिपाठाला पुढं उभं राहणं, घंटा देणं, पोषण आहाराच्या वेळी पहिलीच्या पोरांना ओळीत बसवणं ही कामं त्यांच्याकडे आली. बाईंना आईनं सगळं सांगून ठेवलं होतं, त्यांनी मुद्दाम हिच्याकडं परिपाठ दिला. दिवाळीनंतर आईचा फोन आला, "मॅडम, पोरगी आता माझ्याशीसुद्धा भांडते." मला फार आनंद झाला. सहावीला ती हायस्कूलला गेली. मैत्रिणीला तिथली सगळी वाट ठाऊक झालेली होतीच.

प्रत्येकाला मी थांबा म्हणत नाही. एका मुलाला पाचवीतच पाठवा असं सांगितलं होतं, कारण गावात पाचवीला तो एकटाच उरणार होता आणि चौथीबरोबर बसून तेच धडे पुन्हा ऐकणार होता. पोरगा धीट होता, बाजाराला एकटा जायचा. त्याला मागं ठेवणं हा त्याच्यावर अन्याय झाला असता.

थांबणाऱ्यांची एक भीती उरते, सहावीला जागा मिळाली नाही तर? गावच्या शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग नसतील तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क कायद्यानं मुलाला दिलाय. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. अर्ज देताना गावातल्या ओळखीच्या मुलाची तुकडी मागून घ्या. ती मिळेलच असं नाही, पण विचारल्यावर बऱ्याच शाळा देतात.